सेंटओएस ७ वरून नवा मेल सर्व्हर: जुन्या यंत्रांचा मेल चालू ठेवण्याच्या कामाच्या नोंदी

काम कुठलं: एमआयडीसीतला एक छोटा कारखाना, ३१ मेलबॉक्स. स्वतःच्या डोमेनचा मेल सर्व्हर भाड्याच्या क्लाउड मशीनवर. जुना सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर (मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स २.१०, मेलबॉक्स उघडून देणारा डव्हकॉट २.२.३६, एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल १.०.२). सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला बंद होतात, त्याआधी अल्मालिनक्स ९ वर जायचं (पोस्टफिक्स ३.५, डव्हकॉट २.३.१६, ओपनएसएसएल ३). सर्व्हर हलवणं हे यातलं सोपं काम. यंत्र आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं एन्क्रिप्ट करणारी पद्धत म्हणजे टीएलएस. नवा सर्व्हर टीएलएस १.० आणि १.१ बोलत नाही आणि कारखान्यातली बरीच यंत्रं तेवढंच बोलतात, ही खरी अडचण. असंच काम ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत.

१० जून २०२४

सुरुवातीला यंत्रांची यादी केली. विंडोज ७ आणि आउटलुक २०१० असलेले ९ संगणक. विंडोज १० चे १४, त्यांची काळजी नाही. वजनकाट्याला जोडलेला विंडोज एक्सपीचा १ संगणक, त्यावर आउटलुक एक्सप्रेस. स्कॅन करून थेट मेल पाठवणारी २ कॉपियर यंत्रं. बिलांचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं तो विंडोज सर्व्हर २००८ आर२. फोन ११.

टीएलएस १.० जानेवारी १९९९ चं, १.१ एप्रिल २००६ चं. मार्च २०२१ मध्ये दोन्ही अधिकृतपणे मोडीत काढली गेली. १.२ ऑगस्ट २००८ पासून आहे. म्हणजे यातल्या बहुतेक यंत्रांना १.२ येतं, पण जुन्यांमध्ये बनवणाऱ्या कंपनीकडूनच ते बंद ठेवून आलेलं होतं. कोणाला येतच नाही आणि कोणाला फक्त चालू करून द्यायचं आहे, हे वेगळं काढणं हेच पहिलं काम.

११ जून

जुन्या सर्व्हरवर लॉग बोलका केला. डव्हकॉटच्या 'लॉगिन_लॉग_फॉरमॅट_एलिमेंट्स' या ओळीत शेवटी '%के' जोडलं. मग प्रत्येक लॉगिनच्या नोंदीत प्रोटोकॉल (टीएलएसची आवृत्ती) आणि सायफर (एन्क्रिप्शनची रीत) दिसतो. पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपीडी_टीएलएस_लॉगलेव्हल' १ केलं. दोन्ही सेवा रीलोड. पाच मिनिटांचं काम.

सर्व्हर बाहेर क्लाउडवर असल्यामुळे कार्यालयातली सगळी यंत्रं एकाच आयपीवरून आलेली दिसतात, म्हणून आयपीवरून यंत्र ओळखता येत नाही. डव्हकॉटच्या नोंदीत वापरकर्त्याचं नाव त्याच ओळीत असतं. पोस्टफिक्समध्ये मात्र टीएलएसची ओळ वेगळी आणि लॉगिन नावाची ओळ वेगळी. दोन्ही ओळींत चौकटी कंसातला प्रोसेस क्रमांक सारखा असतो, त्यावरून जोड्या लावाव्या लागतात.

१७ जून

सहा दिवसांचा लॉग चाळला. टीएलएस १.० वर: विंडोज ७ चे सगळे ९ आणि एक्सपी. एक्सपी तर ट्रिपल डेस या फार जुन्या सायफरवर. बाकी सगळे १.२ वर. यादीतली दोन्ही कॉपियर आणि बिलांचं सॉफ्टवेअर लॉगमध्ये आलंच नाही. तेव्हा वाटलं की ती यंत्रं मेल पाठवत नसावीत. ही चूक १ जुलैला महागात पडली. बिलं महिना बदलताना जातात, आणि त्या आठवड्यात कोणी स्कॅन मेल केलं नव्हतं. लॉग किमान पूर्ण महिनाभर, महिनाअखेर धरून ठेवायला हवा.

१९ जून

विंडोज ७ चा पहिला संगणक. आधी सर्व्हिस पॅक १ आहे का ते पाहिलं, आहे. विंडोज ७ ला टीएलएस १.२ येतं, पण क्लायंट म्हणून ते मुळात बंद असतं. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून केबी३१४०२४५ उतरवून बसवलं, मग रजिस्ट्रीत 'विनएचटीटीपी' खाली 'डीफॉल्टसिक्युअरप्रोटोकॉल्स' ही किंमत दशांशात २५६० (हेक्साडेसिमलमध्ये ए००, म्हणजे १.१ आणि १.२) दिली. ६४ बिटच्या विंडोजवर तीच किंमत 'वाव६४३२नोड' खालीही. रीस्टार्ट. सर्व्हरच्या लॉगमध्ये आउटलुक अजून टीएलएस १.० वरच.

तीन तास गेल्यावर कारण कळलं. ती किंमत विनएचटीटीपी (विंडोजची वेबशी बोलणारी लायब्ररी) वापरणाऱ्या प्रोग्रामांसाठी आहे. मेल घेण्याच्या आयमॅप, पॉप आणि पाठवण्याच्या एसएमटीपीसाठी आउटलुक थेट एसचॅनेलकडे (विंडोजचा टीएलएस सांभाळणारा भाग) जातं, तिथलं कुलूप वेगळं आहे. एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सिक्युरिटीप्रोव्हायडर्स, एसचॅनेल, प्रोटोकॉल्स या वाटेने जाऊन 'टीएलएस १.२' ही की, तिच्या आत 'क्लायंट' ही की, आणि त्यात दोन डीवर्ड: 'डिसेबल्डबायडीफॉल्ट' ० आणि 'एनेबल्ड' १. कीच्या नावात टीएलएस आणि १.२ मध्ये एक मोकळी जागा हवीच. पहिल्यांदा ती राहिली होती आणि विंडोज काही तक्रार न करता ती की सोडून देतं. पुन्हा रीस्टार्ट, आणि लॉगमध्ये टीएलएस १.२ दिसलं.

दोन्ही बदलांची एक रेग फाइल केली. उरलेल्या आठ संगणकांना प्रत्येकी १५ मिनिटं पुरली, त्यातली दहा रीस्टार्टची.

२२ जून

नवा सर्व्हर उभा केला. मेल सर्व्हरचं नाव तेच ठेवायचं आहे, पण डीएनएस (नावावरून सर्व्हरचा आयपी सांगणारी नोंद) अजून जुन्याकडे आहे, म्हणून लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद घालून घेतलं. हाताने केलेली ही पद्धत स्वतःहून नूतनीकरण करत नाही, हे कागदावर लिहून सर्व्हरच्या फाइलीला लावलं.

जुनी डव्हकॉट फाइल जशीच्या तशी चढवू नये. २.२ मधली 'एसएसएल_प्रोटोकॉल्स' ही ओळ २.३ मध्ये गेली, तिच्या जागी 'एसएसएल_मिन_प्रोटोकॉल'. डव्हकॉन्फ ही आज्ञा '-एन' जोडून चालवली की कोणती ओळ कालबाह्य आहे ते सांगते.

पोस्टफिक्समध्ये दोन तास गेले. नव्या लेखांमध्ये 'टीएलएस १.२ किंवा वरचं' हे '>=' चिन्हाने लिहिलेलं असतं. ती पद्धत पोस्टफिक्स ३.६ पासूनची आहे आणि अल्मालिनक्स ९ मध्ये ३.५ आहे. ३.५ ला ते कळत नाही. तो लॉगमध्ये प्रोटोकॉल यादी अवैध असल्याची सूचना टाकतो आणि टीएलएस बंद करून चालू राहतो. बाहेरून फक्त एवढं दिसतं की मेल पाठवण्याच्या ५८७ या पोर्टवर स्टार्टटीएलएस (साधं सुरू झालेलं कनेक्शन मधेच टीएलएसवर नेण्याची सोय) देऊच केलं जात नाही. उपाय जुना: नको ते उद्गारचिन्ह लावून वगळायचं, म्हणजे एसएसएल २, एसएसएल ३, टीएलएस १ आणि टीएलएस १.१ या चौघांपुढे '!'.

२४ जून

डीएनएस न बदलता चाचणी करण्यासाठी दोन विंडोज ७ संगणकांच्या होस्ट्स फाइलमध्ये मेल सर्व्हरच्या नावापुढे नव्या सर्व्हरचा आयपी लिहिला. दोन्ही चालले. कॉपियर क्रमांक २ मध्ये टीएलएस १.२ चा पर्याय दिसला म्हणून त्यालाही थेट नव्या आयपीवर वळवलं. फेल. पोस्टफिक्सचा लॉग: 'नो शेअर्ड सायफर'.

कारण सर्टिफिकेटच्या किल्लीत होतं. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम आवृत्ती २ पासून, वेगळं सांगितलं नाही तर, ईसीडीएसए या नव्या प्रकारची किल्ली बनवतो. जुन्या सर्व्हरवर आरएसए या जुन्या प्रकारची होती. या कॉपियरला टीएलएस १.२ येतं, पण फक्त आरएसए सर्टिफिकेटसोबत. सर्टबॉटला '--की-टाइप आरएसए' सांगून सर्टिफिकेट पुन्हा घेतलं. कॉपियर २ चालू.

२५ जून

काल चालणारे दोन्ही विंडोज ७ आज मेल घेत नाहीत. पाठवतात मात्र. आउटलुक म्हणतं ०एक्स८००सीसीसी०ई, म्हणजे 'जोडता येत नाही'. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगमध्ये एसचॅनेलची नोंद ३६८८७, सोबत ४० हा आकडा.

हा आकडा महत्त्वाचा आहे. समोरच्याने फोन ठेवताना सांगितलेलं कारण त्यात असतं. ७० आला तर प्रोटोकॉलची आवृत्ती जुळत नाही. ४० आला तर हँडशेक (टीएलएसची सुरुवातीची बोलणी) मोडला, आणि तो बहुतेक वेळा सायफर न जुळल्याने मोडतो. म्हणजे आता भांडण टीएलएस १.२ चं नव्हतं.

डव्हकॉटमध्ये सायफरची यादी 'कडक' केलेली होती: फक्त ईसीडीएचई (किल्ली ठरवण्याची रीत) सोबतचे जीसीएम (एन्क्रिप्शनचा नवा प्रकार). विंडोज ७ च्या एसचॅनेलला ईसीडीएचई आणि जीसीएम ही जोडी ईसीडीएसए सर्टिफिकेटबरोबर येते, आरएसए सर्टिफिकेटबरोबर येत नाही. काल ईसीडीएसए होतं म्हणून चाललं. कॉपियरसाठी आरएसए केलं आणि विंडोज ७ तुटलं. पाठवणं चालू राहिलं कारण पोस्टफिक्सची सायफर यादी वेगळी आहे, तिला हात लावला नव्हता.

उपाय: डव्हकॉटची यादी काढून अल्मालिनक्सची मूळची 'प्रोफाइल=सिस्टिम' परत. तिच्यात सीबीसी या जुन्या प्रकारचे ईसीडीएचई सायफर आहेत, विंडोज ७ ते घेतं. डव्हकॉटला 'एसएसएल_आल्ट_सर्ट' वापरून दोन्ही प्रकारची सर्टिफिकेटं एकत्र देता येतात, पोस्टफिक्सलाही. पण दोन सर्टिफिकेटं म्हणजे नूतनीकरणाच्या दोन डोकेदुख्या. ३१ मेलबॉक्ससाठी एक आरएसए पुरे. गेलेला वेळ चार तास.

२९ आणि ३० जून

शनिवारी रात्री बदल. मेलडिर (मेल साठवलेले) फोल्डर आरसिंक या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने हलवले. पहिल्या फेरीत जागा वाचवायला 'डव्हकॉट' नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली वगळल्या होत्या. चूक. 'डव्हकॉट.इंडेक्स' वगळलेलं चालतं, ते पुन्हा बनतं. 'डव्हकॉट-यूआयडीलिस्ट' गेली तर प्रत्येक मेलचा क्रमांक बदलतो आणि सगळे क्लायंट सगळा मेल नव्याने उतरवतात. पॉप वापरणाऱ्या एका संगणकावर रात्री चाचणीत ११ हजार जुने मेल पुन्हा यायला लागले तेव्हा लक्षात आलं. नव्या सर्व्हरवरचे फोल्डर पुसून, यूआयडीलिस्टसकट पुन्हा आरसिंक. दोन तास जास्त.

रविवारी सकाळी डीएनएस बदललं. सर्टिफिकेट आता पोर्ट ८० वरच्या पडताळणीने पुन्हा घेतलं, म्हणजे पुढचं नूतनीकरण आपोआप होईल. आरएसए सांगायला विसरायचं नाही. 'सर्टबॉट-रिन्यू' हा टायमर अल्मालिनक्सवर हाताने चालू करावा लागतो.

१ जुलै, सोमवार

सकाळी दहापर्यंत आलेल्या तक्रारी: कॉपियर १ स्कॅन पाठवत नाही. एक्सपीवरून वजनाच्या पावत्या जात नाहीत (हे अपेक्षित होतं, त्याच्यासाठी ठरवलेला रिले, म्हणजे मेल घेऊन पुढे देणारं मधलं यंत्र, अजून झाला नव्हता). बिलांचं सॉफ्टवेअर अडकलं. एका फोनवर 'सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही'. विंडोज ७ चे तीन संगणक बंद.

'सर्व्हरवर जुनं टीएलएस चालू करा आणि मोकळे व्हा' असा आग्रह झाला, आणि दोन तास तेही करून पाहिलं. अल्मालिनक्स ९ ची क्रिप्टो पॉलिसी (कोणतं एन्क्रिप्शन चालेल हे ठरवणारी सेटिंग) 'लेगसी' केली. काही फरक नाही. आठव्या मालिकेत लेगसी टीएलएस १.० ला वाट देते, नवव्या मालिकेत लेगसीमध्येही तळ १.२ च आहे. त्याच्याही खाली जायचं तर ओपनएसएसएल ३ ची सुरक्षा पातळी ० करावी लागते, म्हणजे मोजक्या जुन्या यंत्रांसाठी सगळ्या ३१ मेलबॉक्सांचं दार ढिलं. ते केलं नाही. पॉलिसी परत डीफॉल्ट. जे यंत्र जुनं आहे त्याची दुरुस्ती त्याच्याच टोकाला करायची, असं ठरवून पुढचं काम केलं.

इथे एक सापळा आहे. सर्व्हर टीएलएस १.० घेतो का ते तपासायला नव्या उबुंटूवरून ओपनएसएसएलची 'एस_क्लायंट' आज्ञा '-टीएलएस१' लावून चालवली तर ती नेहमी फेल जाते, समोरचा सर्व्हर काहीही असो. नव्या उबुंटूचा स्वतःचा ओपनएसएसएलच १.० बोलायला तयार नसतो. सायफरमध्ये 'डीफॉल्ट@सेकलेव्हल=०' दिलं तरच उत्तर खरं मिळतं.

२ जुलै

विंडोज ७ चे तीन संगणक. तक्रार तिघांची एकच, कारणं तीन. सर्व्हरचा लॉग पाहिला नसता तर तिन्हींवर रजिस्ट्रीच परत परत बदलत बसलो असतो.

पहिल्यावर लॉग सांगत होता 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल', म्हणजे रजिस्ट्री दुरुस्त असूनही सर्व्हरपर्यंत टीएलएस १.० च पोहोचत होतं. मधे जुना अँटिव्हायरस होता. त्याचं मेल तपासणारं कवच आउटलुकचं कनेक्शन स्वतःकडे घेतं, उघडतं, आणि सर्व्हरशी स्वतःचं वेगळं टीएलएस लावतं. कवच जुनं असेल तर आउटलुक कितीही नवं बोललं तरी बाहेर जुनंच जातं. ते कवच बंद केलं, फाइल तपासणी चालू ठेवली.

दुसऱ्यावर हँडशेक होत होता पण क्लायंट 'अननोन सीए' म्हणून तोडत होता. या संगणकाला इंटरनेट बंद आहे, फक्त मेल सर्व्हर उघडा आहे. विंडोज रूट सर्टिफिकेटं (ज्यांच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं खरी मानली जातात ती) गरजेप्रमाणे मायक्रोसॉफ्टकडून स्वतः आणतं, ती वाट बंद असल्याने लेट्स एन्क्रिप्टचं रूट, आयएसआरजी रूट एक्स१, कधी आलंच नव्हतं. दुसऱ्या संगणकावरून ते उतरवून पेनड्राइव्हने आणलं आणि 'लोकल कॉम्प्युटर'च्या विश्वासू रूट यादीत घातलं. फाइलवर दोनदा क्लिक करून आपोआप घातलं तर ते फक्त त्या वापरकर्त्याच्या यादीत जातं. हे रूट जून २०३५ पर्यंत वैध आहे.

तिसऱ्याची तारीख १ जानेवारी २००९ होती. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली, रात्री वीज गेली की घड्याळ मागे जातं. २००९ मध्ये उभं राहून पाहिलं तर २०२४ चं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. बॅटरी बदलली. आधी केलेल्या दीड तासाच्या रजिस्ट्री तपासणीची काही गरज नव्हती. मेल अडला की घड्याळ आधी पाहावं.

संध्याकाळी फोन. अँड्रॉइड ६. टीएलएस १.२ या फोनला उघडंच आहे (५.० पासून असतं), अडचण रूटची. ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये आयएसआरजी रूट एक्स१ नाही. जुना सर्व्हर मुद्दाम 'डीएसटी रूट सीए एक्स३' या जुन्या रूटपर्यंत जाणारी सर्टिफिकेटांची लांब साखळी देत होता. ते रूट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं तरी जुनं अँड्रॉइड रूटची मुदत पाहत नाही, म्हणून चालत होतं. लेट्स एन्क्रिप्टने ती साखळी ६ जून २०२४ पासून द्यायची थांबवली. नव्या सर्व्हरचं सर्टिफिकेट त्यानंतरचं. फोनच्या सुरक्षा सेटिंगमधून आयएसआरजी रूट एक्स१ हाताने बसवलं. त्यासाठी स्क्रीन लॉक लावणं सक्तीचं असतं. चाललं. हा उपाय अँड्रॉइड ६ पर्यंतचाच, कारण ७ पासून ॲप हाताने घातलेल्या रूटवर आपणहून विश्वास ठेवत नाहीत.

४ जुलै

कॉपियर १ आणि एक्सपी. दोघांना टीएलएस १.२ येतच नाही. एक्सपीचं एसचॅनेल १.० वर थांबतं. एक्सपीवर थंडरबर्ड ५२.९.१ (मेलचा मोफत प्रोग्राम) बसवला तर तो स्वतःची टीएलएस लायब्ररी आणि स्वतःची रूट यादी घेऊन येतो आणि १.२ बोलतो, ही वाट खरी आहे. पण ते यंत्र इंटरनेटला जोडलेलं ठेवायचंच नव्हतं. म्हणून मधे रिले.

अडगळीतला एक डेस्कटॉप, त्यात १२८ जीबीची एसएसडी, डेबियन १२, पोस्टफिक्स. तो कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये पोर्ट २५ वर साधा, विनाटीएलएस मेल घेतो आणि मुख्य सर्व्हरच्या ५८७ वर टीएलएस १.२ आणि पासवर्डने पुढे देतो. 'रिलेहोस्ट' मध्ये सर्व्हरचं नाव चौकटी कंसात, नाहीतर पोस्टफिक्स डीएनएसमधली एमएक्स (मेल कुठे द्यायचा ते सांगणारी) नोंद शोधत बसतो. टीएलएसची पातळी 'सिक्युअर', रूट यादीचा रस्ता दिलेला. कॉपियरचं आणि एक्सपीचं इंटरनेट राउटरवर बंद. आउटलुक एक्सप्रेसमध्ये जाणाऱ्या सर्व्हरच्या जागी रिलेचा आयपी, पोर्ट २५, एन्क्रिप्शन बंद, पासवर्ड नाही.

५ जुलै

रिले मेल घेतो पण पुढे देत नाही. डेबियन १२ मध्ये मेल लॉगची फाइलच सापडेना. तिथे लॉग फाइलींत लिहिणारा आरसिसलॉग आता मुळात बसवलेला नसतो, 'जर्नलसीटीएल'ने पाहावं लागतं. पाहिलं: 'नो वर्दी मेक्स फाउंड'. पासवर्ड चुकल्यावर ही ओळ येत नाही. लॉगिनची पद्धत शिकवणारं 'लिबसासल२-मॉड्यूल्स' हे पॅकेज बसवलेलं नसलं की येते. बसवलं, चाललं.

मग मुख्य सर्व्हरने नाकारलं: पाठवणाऱ्याचा पत्ता या वापरकर्त्याचा नाही. कॉपियर स्वतःच्या पत्त्याने पाठवतो आणि रिले वेगळ्या खात्याने लॉगिन करतो. मुख्य सर्व्हरवरच्या पत्ता आणि खातं जुळवणाऱ्या यादीत रिलेच्या खात्याला ते दोन पत्ते वापरायची मुभा दिली. ती तपासणीच काढून टाकणं सोपं होतं, पण मग कोणतंही खातं कोणाच्याही नावाने मेल पाठवू शकलं असतं.

आणखी एक चूक इथेच दुरुस्त केली. 'मायनेटवर्क्स' मध्ये घाईत पूर्ण /२४ लिहिलं गेलं होतं, म्हणजे कार्यालयातलं कोणतंही यंत्र पासवर्डशिवाय मेल पाठवू शकत होतं. एका विंडोज ७ ला विषाणू लागला असता तर पूर्ण डोमेन काळ्या यादीत. आता फक्त दोन आयपी, दोन्ही /३२.

८ जुलै

बिलांचं सॉफ्टवेअर. विंडोज सर्व्हर २००८ आर२ म्हणजे आतून विंडोज ७ च, म्हणून एसचॅनेलची तीच रेग फाइल लावली. पुरलं नाही. सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ४.५.२ या पायावर आहे आणि डॉटनेटची ही पिढी विंडोजला न विचारता टीएलएस १.० मागते. 'डॉटनेटफ्रेमवर्क' खालच्या 'व्ही४.०.३०३१९' मध्ये 'एससीएचयूजस्ट्राँगक्रिप्टो' १ केलं, आणि तेच वाव६४३२नोडमध्येही. सॉफ्टवेअर ३२ बिटचं असल्याने खरी कामाची दुसरीच.

तरीही अडकलं, १०० सेकंद थांबून वेळ संपल्याची चूक. सेटिंगमध्ये पोर्ट ४६५ होतं. जानेवारी २०१८ पासून मानकाचा कल ४६५ कडे आहे म्हणून तेच सगळीकडे दिलं होतं. पण डॉटनेटचं जुनं एसएमटीपी क्लायंट फक्त स्टार्टटीएलएस करतं. ४६५ वर सर्व्हर टीएलएसची वाट पाहतो, क्लायंट सर्व्हरच्या नमस्काराची वाट पाहतं, आणि दोघं गप्प बसतात. ५८७ दिल्यावर पहिलं बिल गेलं. ११ तारखेच्या जीएसटीआर-१ विवरणपत्राच्या आधी सगळी बिलं ग्राहकांकडे पोचायला हवी होती, पोचली.

याच जातीची चूक आउटलुक २०१० मध्ये दोन ठिकाणी सापडली. तिथल्या यादीत 'एसएसएल' म्हणजे सुरुवातीपासून टीएलएस (९९३, ४६५) आणि 'टीएलएस' म्हणजे स्टार्टटीएलएस (१४३, ५८७). नावं फसवी आहेत. ५८७ सोबत 'एसएसएल' निवडलं की जोडणी होतच नाही आणि पाहणाऱ्याला वाटतं की आवृत्ती जुनी आहे. आवृत्तीचा तिथे संबंध नसतो.

१२ जुलै

खरेदी विभागाचं एक जीमेल खातं आउटलुक २०१० मध्ये होतं, तेही अडलं. एसचॅनेलची दुरुस्ती तिथे झालीच होती. इथे अडचण टीएलएसची नव्हती, लॉगिनची होती. गुगलने साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केलं आहे आणि आउटलुक २०१० ला ओऑथ (पासवर्डऐवजी परवानगीने आत जाण्याची नवी पद्धत) येत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घेतला. वीस मिनिटं. आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांना मात्र ही पळवाट नाही. तिथे १६ सप्टेंबर २०२४ पासून साध्या पासवर्डचं लॉगिन बंद होणार आहे आणि आउटलुक २०१० ला त्या खात्यांवर जाता येणार नाही. अशी दोन खाती आत्ताच थंडरबर्ड ११५ वर हलवली. विंडोज ७ वर चालणारी थंडरबर्डची ही शेवटची मालिका.

१ ऑगस्ट

महिनाअखेर पहिल्यांदा नव्या सर्व्हरवर पार पडली. बिलं गेली, स्कॅन गेले, वजनाच्या पावत्या गेल्या. लॉगमध्ये 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल'च्या ओळी आहेत, पण सगळ्या बाहेरच्या अनोळखी आयपींच्या, घरातल्या एकाही यंत्राची नाही.

खर्च: नवं क्लाउड मशीन ₹१,१५० दरमहा. जुनं महिनाभर समांतर ठेवलं त्याचे ₹९००. रिलेची एसएसडी ₹१,१००. सीआर२०३२ दोन, ₹१२०. एकूण वेळ सुमारे ४६ तास, त्यातले १५ चुकीच्या दिशेला गेले: विनएचटीटीपीत तीन, सायफर यादीत चार, पोस्टफिक्सच्या चिन्हात दोन, मेल पुन्हा उतरवण्यात दोन, लेगसीत दोन, बाकी किरकोळ. जुना सर्व्हर आज बंद केला, डिस्कची प्रत ठेवून.

३० ऑगस्ट

सर्टिफिकेटचं पहिलं आपोआप नूतनीकरण काल रात्री झालं. डिस्कवर नवं सर्टिफिकेट, किल्ली आरएसएच. पोस्टफिक्सच्या ५८७ वर तपासलं तर नवं, डव्हकॉटच्या ९९३ वर तपासलं तर जुनं. पोस्टफिक्सच्या प्रक्रिया थोड्या वेळाने मरतात आणि नव्या येताना फाइल पुन्हा वाचतात. डव्हकॉट रीलोड केल्याशिवाय वाचत नाही. लक्षात आलं नसतं तर २८ सप्टेंबरला सगळ्यांचा येणारा मेल एकदम थांबला असता. सर्टबॉटच्या 'डिप्लॉय' हुक फोल्डरमध्ये डव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोघांना रीलोड करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली, चालवण्याची परवानगी दिली, आणि हाताने एकदा चालवून पाहिली. ९९३ वर आता २७ नोव्हेंबरची मुदत दिसते.